अर्ध्या ताकदीची मुभा

मारुंजीहून हिंजवडीकडे निघालेली डिझेल गाडी सकाळच्या गर्दीत क्वचितच तिसऱ्या गिअरच्या वर जाते. लक्ष्मी चौकापर्यंत पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. इंजिनाला ही चाल मानवत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जाळून टाकायला सहाशेएक अंश सेल्सिअसची धग लागते. दर शंभर पावलांवर थांबणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब सेन्सर मोजत असतो. त्यातला फरक वाढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्या लागल्या गाडी द्रुतगती मार्गावर नेऊन वीसेक मिनिटं एका लयीत चालवली, तर बहुतेकदा गाळणी साफ होऊन जाते. ते केलं नाही आणि तीच रांगती ये-जा चालू ठेवली, तर एके दिवशी ॲक्सिलरेटर पार खाली दाबूनही गाडी उचलत नाही. ती लिंप मोडला, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी मुद्दाम कमी ताकदीवर, गेलेली असते.

अशा वेळी चालक वैतागतो. पण त्या क्षणी आत जे घडतं, ते मला फार विचारपूर्वक केलेलं काम वाटतं. हल्लीच्या डिझेल गाडीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार गेलेली नसते. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हे दोघंही आपापल्या व्होल्टेजमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला कळवतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर ईसीयू एकावरही विसंबत नाही आणि ताकद आखडती घेतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. तो ठरल्याप्रमाणे राहिला नाही, टर्बोची हवा कमी-जास्त झाली, पाणी तापलं, की ईसीयू इंजेक्टरमधून डिझेल कमी सोडतो, टर्बोचा दाब उतरवतो, आरपीएमला लगाम घालतो. ब्रेक आणि स्टिअरिंग चालू राहतात. गाडी बंद पडत नाही. हळूहळू का होईना, वर्कशॉप गाठते.

पूर्वी ही सोय नव्हती. आकुर्डीची मॅटाडोर किंवा १९८६ मध्ये आलेली पिंपरीची टाटा ४०७ चालवणाऱ्यांचे कान आणि तापमानाचा काटा, एवढीच राखण होती. काट्याकडे दुर्लक्ष झालं तर इंजिन पळत राहायचं, हेड गॅस्केट जायचं, कधी पिस्टनच धरायचा. मशीन सांगितलं तेवढं करत राहायचं आणि मग एकदम संपायचं.

ताकद अशी उतरण्यात धोकाही आहे, तो सांगायलाच हवा. बोरघाटाच्या चढाला, ओव्हरटेक करता करता गाडीचा जोर गेला तर मागून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. अशा वेळी चारही इंडिकेटर लावून शांतपणे डावीकडे यावं आणि कडेला थांबावं. गरम इंजिनाला पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. हा धोका असल्यामुळेच शक्य असेल तिथे आधी इशारा आणि मग कपात, असा क्रम ठेवलेला असतो. बीएस-६ ट्रकमध्ये युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, संपत आलं की आधी दिवा लागतो, मग ताकद उतरते, आणि तरीही भरलं नाही तर गाडीला रांगावं लागतं.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. गॅरेजमध्ये गाडी लावली की पुष्कळदा पहिली मागणी होते, ‘‘भाऊ, ती लाइट तेवढी घालवा.’’ स्कॅनर लागतो, बिघाडाचा कोड उडवला जातो, गाडी पुन्हा पळू लागते. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार असा तपशीलही जपून ठेवलेला असतो. बिघाड शोधायला तो फार मोलाचा. तोही कोडबरोबर पुसला जातो. काही जण त्याहून पुढे जातात. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था, बंद करतात, डीपीएफ पोकळ करून घेतात आणि संगणकाला सगळं ठीक असल्याचं शिकवतात. गाळणीत अडायची ती काजळी मग वाकड-हिंजवडीच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या छातीत जाते.

हिंजवडी-चाकणच्या पट्ट्याचा बराचसा व्यवहार डिझेल गाड्यांवर चालतो. चाकणच्या कारखान्यांच्या तिन्ही पाळ्यांच्या बस, हिंजवडीच्या रात्रपाळीच्या कॅब, सुटे भाग पोचवणारे टेंपो. या गाड्यांच्या इंजिनाची मर्यादा कोणीतरी आधीच, डोकं थंड असताना, आकड्यांत लिहून ठेवली आहे. ती ओलांडली गेली की इंजिन कोणाची परवानगी मागत नाही. मालकाला घाई आहे का, ग्राहकाचा फोन येतोय का, हे ते पाहत नाही.

चालवणाऱ्या माणसासाठीही मर्यादा लिहिली गेली होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची सर्वसाधारण हद्द घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. स्वतःच्या एका गाडीचा हप्ता फेडणारा, रात्रीची ड्यूटी संपवून सकाळची फेरी उचलणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. त्याला हद्द स्वतःच ओळखावी लागते, आणि ओळखून बोलून दाखवली तर फेरी दुसऱ्याला जाते. म्हणून तो चहा घेतो, तोंडावर पाणी मारतो आणि पुन्हा बसतो. डोळ्यांच्या झापडीवर नजर ठेवणारा कॅमेरा आता काही बसमध्ये असतो. तो चालकाला सावध करतो, वर कळवतो. चालकाच्या डोक्यावरचं ओझं काही कमी करत नाही.

कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीचा ठेका देताना कंपन्यांनी गाडीचा विमा, फिटनेस आणि पीयूसी पाहावं, हे योग्यच आहे. त्याच करारात आणखी एक कलम असावं असं मला मनापासून वाटतं: चालकाने ‘‘आज दुसरी फेरी माझ्याच्याने होणार नाही’’ असं कळवलं, तर बदली चालक ठेकेदाराने द्यावा, त्या दिवसाचे पैसे कापू नयेत आणि उद्याची ड्यूटी त्याचीच राहावी.