श्रवणभक्ती आणि ध्वनिमुद्रिका

देवळात सायंकाळच्या भजनाच्या वेळी ध्वनिमुद्रिका लावावी की न लावावी, हा प्रश्न वरकरणी व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो धर्मविचाराचा आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले आहे. मग पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग वा दासरपदे यंत्रातून ऐकणे ही श्रवणभक्ती का नव्हे?

प्रथम एक आक्षेप बाजूस सारू. जुन्या वळणाचे रसिक म्हणतात की, अभंगात शब्द हा राजा. त्यावर ख्यालाच्या ताना चढविल्या म्हणजे ना धड ख्याल राहतो, ना धड भजन. हुबळी-धारवाडच्या भूमीत हा आक्षेप टिकत नाही. गदगचे भीमसेन कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी किराणा घराण्याची तालीम घेऊन पुढे पुण्यास स्थिरावले आणि एकाच कंठाने नामदेव-तुकोबा व पुरंदरदास गाऊ लागले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) जयपूर घराण्याची गायकी घेऊन कन्नड वचने गात. वचन हे छंदात न बांधलेले बोल. रागाच्या घरात त्याचे तेज उणावले, असे कोण म्हणेल? घरी कोंकणी, वाचनास मराठी आणि बाजारात कन्नड अशी ज्यांची रीत, त्यांना तर हा मिलाफ भेसळ वाटण्याचे कारणच नाही. ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले आणि पुरंदरदासांनी ज्याचे नाव आपल्या मुद्रेत गोविले, त्या विठ्ठलापुढे भाषेचे सोवळे ते कसले!

खरी अडचण निराळीच आहे. रात्री दिवा मालवून ही मुद्रिका ऐकावी. तंबोऱ्याचा नाद आधी खोली भरून टाकतो, भिंती जणू मागे सरतात. मग स्वर येतो आणि शब्द त्यामागून. नामाची आवृत्ती होत होत अर्थ विरतो व नुसता नाद उरतो. डोळे पाणावतात. हे पाणी नामाचे की षड्जाचे, हे प्रामाणिक श्रोत्यास सांगता येणार नाही. आणि न सांगता आले तरी माझ्या मते बिघडत नाही. परंतु इतक्यात चहा आला की आपण यंत्र थांबवितो. श्रवणभक्तीचा दाखला म्हणून आपण परीक्षितीचे नाव घेतो. त्याच्यापाशी सातच दिवस होते, आणि शुकाचार्यांना मध्येच थांबविण्याची कळ त्याच्या हाती नव्हती. मुद्रिका आपल्या आज्ञेत वागते. जे आपल्या आज्ञेत वागते, त्याच्यापुढे नम्र होणे कठीण.

घरात एवढे चालून जाईल. रसास्वाद हे काही पाप नव्हे. देवळात मात्र नुकसान होते ते दुसऱ्याच ठिकाणी. भीमसेनांचा षड्ज ज्या सभामंडपात रोज घुमतो, तेथे पेढीवरून थकून आलेला गृहस्थ आपला आवाज उघडण्यास संकोचतो. तो टाळ खाली ठेवतो, पुढे मागच्या खांबापाशी बसतो, आणि काही महिन्यांनी येईनासा होतो. श्रवण वाढले आणि कीर्तन, जी दुसरी भक्ती, तिला ओहोटी लागली. मुले तर गाणे हे दुसऱ्याने करावयाचे काम, असेच समजून वाढतात. सुंदर गाण्याने बेसूर भक्ताला मुका करावे, हे खुद्द त्या गवयालाही रुचले नसते असे वाटते.

म्हणून मुद्रिका आरतीपूर्वी अर्धा तास लावावी आणि टाळ हाती येताच बंद करावी. त्यानंतरचा पहिला अभंग बहुधा बेसूर होईल, दुसरा थोडा जुळेल. तिसरा म्हणून होईपर्यंत मंडळींनी यंत्राकडे पाहू नये.