जागल कोणाची?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत धनज नांवाचें गांव आहे. आसपासचा मुलूख वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा. कापूस, तूर, सोयाबीन हीं तेथील पिकें. पीक हाताशीं आलें म्हणजे ह्या मुलखांतील शेतकऱ्यास घरीं झोंप येत नाहीं. रोह्यांचे कळप आणि रानडुकरें एका रात्रींत उभ्या शेताची धूळधाण करून जातात. म्हणून कांबळें, काठी आणि बॅटरी घेऊन तो शेतांत मचाणावर जाऊन बसतो. ह्यास तिकडे जागल म्हणतात. जागलीच्या रात्रीं बहुधा कांहींच घडत नाहीं, आणि कांहीं घडलें नाहीं हेंच जागलीचें फळ असतें. पिकाचा भाव बाजारांत ठरतो. जागलीचा भाव कोणी विचारीत नाहीं. तरीही 'आज जनावर येणार नाहीं' अशा भरंवशावर घरीं निजणाऱ्यास गांव शहाणा म्हणत नाहीं.

ह्या जागलीची आठवण आम्हांस एका अगदीं निराळ्या प्रश्नाच्या निमित्तानें झाली. धनजसारख्या गांवांतील व्यवहार आतां केवळ चोपडीवर राहिलेला नाहीं. अडत्याचा हिशेब, कृषिसेवा केंद्राची उधारी, पतसंस्थेचीं खातीं, दवाखान्यांतील नोंदी हें सारें संगणकांत गेलें आहे, आणि हे लहान संगणक कोठें तरी एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, विसंबून असतात. तो पेढीच्या कोपऱ्यांत टेबलाखालीं असेल, नाहीं तर मुंबईस किंवा पुण्यास भाड्याच्या जागेंत असेल. पण शेंकडों कुटुंबांच्या व्यवहाराच्या किल्ल्या त्याच्या पोटांत असतात. अशा सर्व्हरावर पुष्कळदां जी कार्यप्रणाली चालते ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नसते. तिचें नांव लिनक्स.

तिचा इतिहास थोडक्यांत असा. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सर्वांस मुक्तपणें वापरतां येईल अशी कार्यप्रणाली निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अशा प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढें ठेविला. पुढें देशोदेशींच्या हजारों माणसांनीं त्यांत भर घातली, आणि आज जगांतील सर्वांत वेगवान असे पांचशें महासंगणक त्याच गाभ्यावर चालतात. ज्या अनुमतिपत्राखालीं तो दिला जातो त्यांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. पहिली ही कीं, घेणाऱ्यानें ती वस्तु वापरावी, उघडून पहावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी. दुसरी ही कीं, देणारा कसलीही हमी देत नाहीं. पहिली गोष्ट सर्वांस ठाऊक असते. दुसरी फारच थोडे वाचतात. आमचा प्रश्न ह्या दुसऱ्या गोष्टींतून निघतो. जी वस्तु सर्वांची आहे, तिची जागल कोणाची?

ह्यावर एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें. तें असें कीं, मुक्त प्रणालीचा मजकूर सर्वांपुढें उघडा असल्यामुळें त्यावर असंख्य डोळ्यांचा पहारा असतो आणि दोष फार दिवस लपूं शकत नाहींत. ह्या उत्तरांत तथ्य आहे. परंतु 'पाहतां येणें' आणि 'कोणी तरी पाहणें' ह्या दोन गोष्टी त्यांत एक धरल्या आहेत. ओपनएसएसएल नांवाचें मुक्त साधन संगणकांमधील गुप्त संदेश सुरक्षित ठेवतें. जगांतील सर्व्हरांचा फार मोठा भाग त्यावर विसंबून असतो. २०१२ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आवृत्तींत एक चूक राहून गेली. तिच्यामुळें कोणीही परका दूर बसून सर्व्हराच्या स्मृतींतील तुकडे उचलून नेऊं शके. ही चूक २०१४ च्या एप्रिलमध्यें उघडकीस आली व 'हार्टब्लीड' ह्या नांवानें गाजली. दोन वर्षें तो मजकूर सर्वांपुढें उघडा होता. मग चौकशी होतां कळलें कीं, एवढ्या साधनास पूर्ण वेळ वाहिलेला माणूस एकच होता, आणि वर्षास मिळणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलरच्या होत्या. डोळे असंख्य होते. पण प्रत्येकानें आपल्याऐवजीं दुसरा पाहत असेल असें मानलें होतें. गांवकीच्या विहिरीचा कठडा ढासळतो तो ह्याच रीतीनें.

दुसरें उदाहरण आमच्या वाचकांच्या घराजवळचें आहे. २०२४ च्या जुलैच्या अखेरीस देशांतील सुमारें तीनशें लहान बँकांचे, मुख्यतः सहकारी व ग्रामीण बँकांचे, पैसे देण्याघेण्याचे व्यवहार एकाएकीं थांबले. ह्या बँकांस सी-एज नांवाची मुंबईची कंपनी संगणकसेवा पुरवीत असे. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यामुळें राष्ट्रीय देयक निगमानें ३१ जुलै रोजीं तिला आपल्या जाळ्यापासून तोडून ठेविलें. दुसऱ्या दिवशीं व्यवहार पूर्ववत् जोडले गेले. क्लाउडसेक ह्या सुरक्षासंस्थेनें मागाहून असा निष्कर्ष मांडला कीं, हल्लेखोर शिरले ते त्या साखळींतील दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरांतून. तेथें जेंकिन्स नांवाचें मुक्त साधन नीट बंदोबस्त न करितां ठेविलें होतें, व त्यांतील एका जुन्या छिद्राचा उपयोग झाला. हा निष्कर्ष खरा धरला तर त्यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष लागते. त्या छिद्राची दुरुस्ती जेंकिन्सच्या कर्त्यांनीं २०२४ च्या जानेवारींतच प्रसिद्ध केली होती, आणि तीही फुकट. म्हणजे ठिगळ शिवून तयार होतें. तें लावण्याचें काम तेवढें सहा महिने राहिलें होतें. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आमच्या पूर्वजांनीं अशाच प्रसंगासाठीं करून ठेविली आहे. फरक इतकाच कीं, येथें झोपा आयता दाराशीं आणून ठेविलेला होता.

तेव्हां दोष वस्तूच्या मुक्तपणाचा नव्हे. बंद पेटींतून विकल्या जाणाऱ्या प्रणालींतही छिद्रें निघतात. आणि तीं विकणारा बुजवीपर्यंत घेणाऱ्यास वाट पाहण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नाहीं. मुक्त प्रणाली आपल्या हातीं दुरुस्तीचा अधिकार देते. पण अधिकार हातीं आला कीं सबबही हातची जाते, आणि हाच ह्या दानाचा नैतिक भार आहे.

येथें एक आक्षेप येईल व तो आम्ही हलका मानीत नाहीं. खेड्यांतील अडत्या म्हणेल, 'मला तूर आणि सोयाबीन कळतें. हीं छिद्रें नि ठिगळें मला काय कळणार? कारंजाहून एक मुलगा येऊन यंत्र मांडून गेला, तें चालतें आहे, तेवढें मला पुरें.' ह्या बोलण्यांत लबाडी नाहीं. अडचण अशी कीं, यंत्र बंद पडत नाहीं हीच येथें फसगत आहे. सेंटओएस सात ही लिनक्सची आवृत्ति अनेक कार्यालयांत वापरली जात असे. ३० जून २०२४ रोजीं तिच्या दुरुस्त्या निघणें बंद झालें. त्या दिवशीं कोणताही सर्व्हर थांबला नाहीं, कोठेंही घंटा वाजली नाहीं. १ जुलैस सकाळीं हिशेब नेहमींप्रमाणें सुरू झाला. कुंपण मात्र त्या रात्रीपासून कुजूं लागलें होतें.

ह्या अडत्यास आमचें उत्तर असें. तुमचा स्वतःचा हिशेब गेला तर तें तुमचें नुकसान, आणि त्याविषयीं आम्ही फार तर हळहळूं. परंतु त्या यंत्रांत तीनशें शेतकऱ्यांचीं नांवें, त्यांचे बँकखात्यांचे आंकडे, कोणाची किती उधारी हें सर्व आहे. तें धन तुमचें नव्हे, ठेव आहे. आणि ठेव राखणाऱ्याचें अज्ञान ठेवणाऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. सोनें तारण घेणाऱ्या सावकारानें 'मला कुलुपांतलें कळत नाहीं' म्हटलें असतें तर तें कोणीं ऐकून घेतलें असतें? स्वतःस न कळणें हा अपराध नव्हे. न कळणाऱ्या गोष्टीची दुसऱ्याकडून व्यवस्था न करणें हा मात्र अपराध आहे.

शिवाय ही व्यवस्था दिसते तितकी अवघड नाहीं. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय डेबियन आणि उबुंटू ह्या लिनक्सच्या प्रकारांत आहे. ती एकदां चालू करावी व चालू आहे ना हें मधून मधून पहावें. यंत्रावर सर्वाधिकार असलेलें 'रूट' हें खातें म्हणजे घराच्या सर्व खोल्यांची एकच किल्ली. ती रोजच्या कामास वापरूं नये. प्रत्येक कारकुनास त्याचें निराळें खातें असावें, व तो नोकरी सोडून गेला त्याच संध्याकाळीं तें बंद व्हावें. दुरून यंत्रांत शिरण्यास परवलीच्या शब्दाऐवजीं संगणकीय किल्लीची जोडी वापरावी. जीं दारें कामाचीं नाहींत तीं फायरवॉलनें लावून घ्यावीं. हिशेबाची एक प्रत त्या यंत्रापासून तोडलेल्या निराळ्या जागीं असावी, आणि ती परत उघडते कीं नाहीं हें संकट येण्यापूर्वीं पाहिलेलें असावें. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते. शेवटीं, यंत्र रात्रंदिन जी नोंदवही लिहितें ती कोणीं तरी वाचावी. हीं सर्व कामें महिन्यांतील दोन-चार तासांचीं आहेत. पण तीं ठराविक माणसाचीं व ठराविक मोबदल्याचीं असलीं पाहिजेत.

मोबदल्याचा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वऱ्हाडच्या जुन्या गांवगाड्यांत जागल्या म्हणून राखणीचा माणूस असे. गांव निजे आणि तो जागे. परंतु तें काम त्याच्याकडे आलें होतें जन्मानें. त्याच्या वांट्यास धान्याचा लहान हिस्सा आणि पुष्कळसा तिरस्कार येई, आणि ज्यांच्या घरांची तो राखण करी त्यांच्या उंबऱ्याच्या आंत त्यास येतां येत नसे. ती पद्धत गेली हें योग्यच झालें. पण राखण दुसऱ्याच्या गळ्यांत घालून त्याला विसरून जाण्याची आमची संवय गेली आहे काय? मुक्त प्रणालींचा कारभार पाहतां ती केवळ रूप पालटून राहिली आहे असें वाटतें.

एक्सझेड नांवाचें मजकूर आटोपशीर करून ठेवणारें एक लहानसें मुक्त साधन बहुतेक लिनक्स यंत्रांत असतें. तें एक गृहस्थ फावल्या वेळांत, विनावेतन सांभाळीत. त्यांच्याकडे लोकांच्या मागण्या येत, तगादे येत. मदत क्वचितच येई. २०२१ पासून 'जिया टॅन' असें नांव सांगणारी एक व्यक्ति मदतीस आली. तिनें दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम करून विश्वास मिळविला, साधनाचा कारभार हातीं घेतला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत त्यांत एक चोरदरवाजा बसविला. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या त्या अशा. अँड्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास यंत्रांत शिरावयास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें तो अर्धा सेकंद सोडून दिला नाहीं, मुळापर्यंत शोध घेतला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व जगास सावध केलें. तो चोरदरवाजा बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच सांपडला. एका माणसाची जागल अवघ्या जगास पुरली; पण हें आमचें सुदैव झालें, व्यवस्था नव्हे.

कायदा आपल्या गतीनें मागून येत आहे. २०२२ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें असा हल्ला लक्षांत येतांच सहा तासांच्या आंत कळविण्याचें व यंत्रांच्या नोंदी १८० दिवस राखण्याचें बंधन घातलें. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानें लोकांची माहिती बाळगणाऱ्यास एक प्रकारें विश्वस्ताची जागा दिली, आणि वाजवी बंदोबस्त न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. विश्वस्त ही कल्पना आम्हांस दंडापेक्षां अधिक मोलाची वाटते. दंडाच्या भीतीनें माणूस कागद पुरे करितो. ठेवीच्या जाणिवेनें तो रात्रीं एकदां उठून दाराची कडी पाहतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, फुकट मिळालेल्या प्रणालीचें देणें फिटलें असें कोणीं समजूं नये. तिचे दोन हप्ते राहिले आहेत. पहिला आपल्या यंत्राच्या राखणीचा, ज्यांची ठेव आपल्याकडे आहे त्यांच्यासाठीं; दुसरा, ज्यांनीं ती प्रणाली लिहिली व जे ती सांभाळतात त्यांच्यासाठीं, मग तो पैशानें द्यावा, श्रमानें द्यावा किंवा आढळलेली चूक नीट कळवून द्यावा. दिवाळीस लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं धनजच्या पेढीवर नव्या वह्यांची पूजा होईल. त्यांत हमाली, तोलाई, भाडें हीं खातीं असतील. त्यांच्या खालीं 'जागल' नांवाचें एक खातें मांडावें, आणि वर्षअखेर तें कोरें राहिलें तर आपल्याच मनास त्याचें कारण विचारावें.