उपदेशकाचा योगक्षेम

धर्मोपदेशकाचा सन्मान करावा, याविषयीं ख्रिस्ती समाजांत दुमत नाहीं. मतभेद उत्पन्न होतो तो सन्मान म्हणजे काय, या प्रश्नावर. वर्षांतून एकदां हार घालणें, दोन गौरवपर भाषणें करणें, आणि उरलेले रविवार त्याच्या प्रवचनाची लांबी घड्याळावर मोजणें, एवढ्यानें त्याचें ऋण फिटतें काय?

करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत संत पौलानें या विषयाचा मार्मिक ऊहापोह केला आहे. मळणीच्या बैलास मुसकें बांधूं नये, हा मोशेच्या नियमशास्त्रांतील दंडक पुढें करून, सुवार्ता सांगणाऱ्यानें सुवार्तेवर उपजीविका करणें न्याय्य आहे असें तो सिद्ध करतो; आणि लगेच, आपण स्वतः हा हक्क बजावला नाहीं, असेंही सांगतो. करिंथांत अक्विला व प्रिस्किल्ला यांजबरोबर तो तंबू करण्याचा धंदा करी. फिलिप्पैकरांनीं धाडलेलें साह्य मात्र त्यानें आनंदानें घेतलें. ही विसंगति नव्हे. देणाऱ्यास आपण उपदेशक विकत घेतला असें वाटूं लागलें, कीं तें दान उपदेशकाच्या जिभेस जड होतें. जेथें स्नेह मुरलेला आहे, तेथें दोघेही मोकळे राहतात.

पोषण हा साह्याचा एक भाग. न्याय हा दुसरा. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, चांगला कारभार करणारे वडील दुप्पट मानास पात्र ठरविले आहेत. परंतु त्याच ठिकाणीं, दोनतीन साक्षीदारांवांचून त्यांजवरील आरोप ऐकूं नये, आणि दोष करणाऱ्याची सर्वांदेखत कानउघाडणी करावी, असेंही सांगितलें आहे. भाविकांस यांतील पहिला भाग तेवढा स्मरतो, व निंदकांस शेवटचा; साक्षीदारांची आठवण कोणासच होत नाहीं.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें तेजस्वी उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, अमेरिकन मराठी मिशनमध्यें अनेक वर्षें सेवा केली, आणि १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. ख्रिस्ताची ओळख आपल्या लोकांस आपल्या रीतीनें व्हावी, ही त्यांची तळमळ. पुढें दोनच वर्षांनीं, १९१९ मध्यें, ते निवर्तले. या त्यागापुढें कोणाचेंही मस्तक नम्र होईल. तथापि या संन्याशास पत्नी होती, मुलें होतीं. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस, टिळकांच्या औदार्याचा भार स्वयंपाकघरांत कोणी वाहिला, हें निराळें सांगावयास नको. पुरुषाच्या विरक्तीची कीर्ति होते. पिठाचा डबा रिकामा झाल्याचें स्त्रीस कळतें. उपदेशकाच्या दारिद्र्यावर फार प्रेम करणारा समाज बहुधा आपली थैली सांभाळीत असतो, अशी आमची शंका आहे.

(रोमन कॅथलिक धर्मगुरु अविवाहित असल्यामुळें तेथें प्रश्नाचें स्वरूप निराळें, त्यांत आम्ही शिरत नाहीं.)

विवाहित पाळक नेमतांना मंडळी वेतन एकाचें ठरविते व अपेक्षा दोघांकडून करते. रविवारची शाळा पाळकाच्या पत्नीनें घ्यावी, दुखणाइतांस तिनें भेटावें, अवेळीं आलेल्या पाहुण्यास तिनें वाढावें, आणि हें सर्व हंसतमुखानें व्हावें. मंडळीच्या हिशेबाच्या वहींत पाळकाच्या वेतनाचा रकाना असतो. या श्रमांचा रकाना आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं.