विषवाणिज्य आणि निर्यातीची द्राक्षे

अंगुत्तरनिकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शस्त्रे, प्राणी, मांस आणि मद्य यांच्याबरोबर विषही येते. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांत, म्हणजे कर्मादानांत, विषवाणिज्याची गणना आहे. विकत घेणारा गावचा की परदेशचा, हा प्रश्न दोन्ही परंपरांना पडत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने दोष कर्मालाच लागतो. सांगली भागातला माल ज्या महामार्गाने मुंबईच्या बंदराकडे जातो, त्यावर कृष्णा-तारळीच्या संगमाशी वसलेल्या उंब्रजपासून तासगावपर्यंतच्या पट्ट्यात मात्र 'एक्सपोर्टचा माल' आणि 'लोकल माल' हा भेद बागायतदाराच्या बोलण्यात सहज येतो, आणि त्याच भेदात एक नैतिक पेच दडलेला आहे.

जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेला स्वच्छता व वनस्पती-आरोग्य करार प्रत्येक देशाला आपल्या नागरिकांच्या आरोग्यासाठी आयात रोखण्याची मुभा देतो, मात्र त्या अटकावाला शास्त्रीय आधार असावा अशी अट घालतो. या मुभेचा अर्थ महाराष्ट्राला २०१० साली कळला. वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या भाषेत 'सीसीसी'चे, अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली आणि बागायतदार कर्जाच्या खाईत लोटले गेले. पुढे फवारणीची नोंदवही, काढणीपूर्वी किती दिवस औषध मारू नये याचे बंधन आणि प्रयोगशाळेतील अंशतपासणी यांना जी शिस्त आली, ती कोणत्याही प्रवचनाने आली नसती, हे मान्य करायला हवे. परंतु हे पुण्य उसने आहे: निर्यातीच्या निकषात न बसलेला घड स्थानिक बाजारात जातो, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली देशातही मर्यादा ठरलेल्या असल्या, तरी तिथे प्रत्येक खेप प्रयोगशाळेतून जात नाही.

याहून खोल अडचण अशी की व्यापाराचे नियम मुख्यतः वस्तू तपासतात, ती कशी पिकली हे क्वचितच. काढणीपूर्वीचे थांबायचे दिवस पाळले की विषाचे अंश उतरतात आणि खाणारा सुरक्षित होतो. पण ज्याने ब्लोअर चालवला किंवा औषध कालवले, त्याच्या अंगावर ते पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने पडलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे बळी गेले. त्या कापसाला बाजारात कोणी अडवले नाही, कारण रुईत विष शोधण्याचे खरेदीदाराला कारणच नव्हते. कर्म तोलणारी परंपरा इथे करारापेक्षा पुढे दिसते, जरी तिच्याजवळ अडवायला बंदर नाही.

याच व्यवहाराची उलटी बाजू युरोपातच आहे. तिथे वापरास बंदी असलेली काही कीटकनाशके तिथेच तयार होऊन इतर देशांना विकली जातात. १९९८ च्या रॉटरडॅम कराराने अशा धोकादायक रसायनांबाबत आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती घेण्याची रीत घातली. विक्रीच थांबवावी असे तो करार म्हणत नाही, आणि संमती देते ते सरकार, पाठीवर पंप बांधणारा नव्हे.