खुणेवर किती विसंबावे?

खूण दिसली म्हणजे कारण कळले असे धरता येते का? अनुमानाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधन, मानणाऱ्या न्यायदर्शनाने हा आक्षेप स्वतःच्याच सूत्रांत मांडून ठेवला आहे. जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप बंद पडतो आणि कंट्रोल बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तेव्हा मेकॅनिकसमोरही हाच प्रश्न असतो. दिव्याचा अर्थ तक्त्यात छापलेला असतो. पण तक्त्यातला शब्द म्हणजेच बिघाड, असे समजले की चुकीचा भाग बदलला जातो.

न्यायसूत्रे अक्षपाद गौतमाच्या नावावर आहेत. त्र्यंबकेश्वरी गोदावरी आणणारा पुराणातला गौतम ऋषी आणि हा सूत्रकार एकच, असे परंपरेत मानणारे आहेत. इतिहासाला ते सिद्ध करता आलेले नाही. तरी अनुमानाचे जे उदाहरण भाष्यकार वात्स्यायनाने दिले, ते नाशिककराला समजावून सांगावे लागत नाही. नदीला पूर आला, तर वर पाऊस झाला असला पाहिजे. हे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान, म्हणजे शेषवत्. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावर शहर पूर जोखते. मूर्तीला लागलेले पाणी प्रत्यक्ष दिसते. त्र्यंबकच्या डोंगरांतला पाऊस अनुमानाने कळतो.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेपक म्हणतो, नदी अडवल्यामुळेही फुगते, मग पुरावरून पाऊस कसा ठरवायचा? हा आक्षेप गंगापूर धरणाच्या कितीतरी शतके आधीचा आहे, आणि धरणाने तो अधिकच खरा केला. पाऊस थांबल्यावरही विसर्ग चालू राहू शकतो, आणि शहर कोरडे असताना रामकुंडावर पाणी चढते. सूत्रकाराचे उत्तर असे की नुसते फुगलेले पाणी ही खूणच नव्हे. भाष्य ते उलगडते: प्रवाहाचा वाढलेला वेग, फेस, वाहून येणारी फळे, पाने, लाकडे अशा विशेषांसह आलेला पूर हीच पावसाची खूण. कोणी अर्धी खूण पाहून निष्कर्ष काढला, तर दोष त्याचा. अनुमानाला बोल लावता येत नाही, असे भाष्य बजावते.

आता यंत्राकडे. जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून पाणी किंवा गोठू न देणारे मिश्रण फिरते. कॉम्प्रेसर आणि गॅस यांच्या आधारे थंडीत जमिनीतली उष्णता घरात येते, उन्हाळ्यात घरातली जमिनीत सोडली जाते. नाशिकच्या हवेत अशा यंत्राचे मुख्य काम थंडाव्याचेच असेल. बोर्डाने ‘दाब कमी’ असे सांगितले, तर गरम करण्याच्या स्थितीत संशय जमिनीकडच्या पाण्यावर जातो: पंप, झडप, नळीत अडकलेली हवा. थंड करण्याच्या स्थितीत तोच दिवा घरातल्या हवेकडे बोट दाखवतो, म्हणजे मळलेला फिल्टर किंवा बंद पडलेला पंखा. गॅस गळत असेल तर तो दोन्हीकडे संशयित. यंत्र कोणत्या स्थितीत थांबले हा इथला विशेष आहे, आणि तो दिव्यात नसतो.

तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरचे उदाहरण याहून बोलके आहे. तापमान उतरले की त्याचा रोध वाढतो. बऱ्याच थर्मिस्टरचा रोध 25 अंश सेल्सिअसला 10 किलोओहम असतो. वायर तुटली की रोध अमर्याद होतो. तुटलेली वायर वेगळी ओळखण्याची सोय बोर्डात नसेल, तर तो याचा अर्थ कडाक्याची थंडी असा घेतो आणि पाणी गोठण्याच्या भीतीने, भर मे महिन्यातसुद्धा, यंत्र थांबवतो. नैयायिक याला बाधित हेतू म्हणतील, कारण निष्कर्ष दुसऱ्याच प्रमाणाने खोटा ठरतो: नळीला हात लावला तरी ती गोठलेली नाही हे कळते. मग कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि दोन्ही आकडे तक्त्याशी ताडून पाहायचे.

तक्ता हे आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू जाणकाराचे वचन, मग त्यावर विश्वास का ठेवू नये? आप्ताने जे खरोखर जाणले, तेवढ्यालाच त्याचे वचन प्रमाण असते. निर्मात्याला इतकेच ठाऊक असते की अमुक दिवा लागला म्हणजे अमुक सर्किट उघडे पडले. ते दाबामुळे उघडले की सैल टर्मिनलमुळे, हे त्याने पाहिलेले नाही. बोर्डाला तर न्यायमताने ज्ञानच होत नाही; ज्ञान हा आत्म्याचा गुण. अनुमान करणारा एकटा मेकॅनिक.

बोर्ड बदलला आणि यंत्र चालू झाले, एवढ्यावर जुना बोर्ड दोषी ठरवणे हा या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा तर्कदोष. बोर्ड बदलताना वीज बंद होते, त्यामुळे बिघाडानंतर यंत्राला बंद ठेवणारा लॉकआउट अनेक यंत्रांत आपोआप सुटतो. कनेक्टर काढून पुन्हा बसवल्याने गंजलेला सांधाही जुळतो. अशा वेळी नवा बोर्ड अन्यथासिद्ध, म्हणजे हजर पण कारण नसलेला, ठरतो, घडा घडताना हजर असलेल्या कुंभाराच्या गाढवासारखा. अन्वय (नवा बोर्ड असता यंत्र चालते) पाहिला, व्यतिरेक (तो नसता चालत नाही) राहिला. जुना बोर्ड परत बसवावा. बिघाड परतला तरच आरोप टिकतो.

मग मल्टिमीटरवर तरी विश्वास का? ही शंका घेत गेले तर शेवट नाही. उदयनाचार्यांनी तिला मर्यादा घातली: शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणे तिच्या विरुद्ध जाऊ लागले की ती थांबते. माहीत असलेल्या रोधावर मीटर एकदा तपासला, की त्याच्या आकड्यावर काम चालू करायचे. मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात; नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून कळते, आणि दुरुस्तीच्या कामाला हेच मत जवळचे आहे. म्हणून कॉम्प्रेसर सुरू झाला यावर काम संपत नाही. दोन्ही बाजूंचे दाब, नळ्यांत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक हे मर्यादेत राहतात का, ते पाहावे लागते. थंडाव्यात केलेली दुरुस्ती यंत्र उलट फिरवून गरम करण्याच्या स्थितीतही चालवून पाहिलेली नसेल, तर कारण एकाच स्थितीपुरते सिद्ध झालेले असते.