मेणाचे कवच

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॉल्डन येथील नॅशनल कंपनीने १९३५ साली ‘एचआरओ’ नावाचा लघुलहरींचा रेडिओ-ग्राहक बाजारात आणला. पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे बिनतारी संदेश टिपणाऱ्या ब्रिटिश केंद्रांतही तो वापरला गेला. त्याच्या मधल्या मोठ्या तबकडीवर कंप्रतेचे आकडे नाहीत. शून्यापासून पाचशेपर्यंतचे अंक तेवढे सरकतात, आणि त्यांचा अर्थ खाली खणासारख्या बसवलेल्या वेटोळ्यांच्या पेटीवरील आलेखात शोधावा लागतो. पट्टा बदलायचा तर ती पेटी उपसून दुसरी खोचायची. असे जुने संच घरच्या मेजावर दुरुस्त करून पुन्हा चालवणारे हौशी रेडिओवाले आजही आहेत. त्यांच्या या निरुपद्रवी छंदात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

तो कंडेन्सरपाशी उद्भवतो. त्या काळचा कागदी कंडेन्सर म्हणजे धातूचा वर्ख आणि कागद यांची गुंडाळी, वरून मेणाचा थर. वर्षानुवर्षे दमट हवा शोषून तो कागद वीज झिरपू देतो. मग पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब चढतो, व्हॉल्व्ह तापतो, आणि कधीकधी ट्रान्सफॉर्मरही जळून जातो. तेव्हा कंडेन्सर बदलणे भागच असते. परंतु पॉलिएस्टरचा चिमुकला नवा कंडेन्सर जुन्या तारांच्या जाळ्यात डोळ्यांना खुपतो. म्हणून एखादा निष्णात कारागीर जुन्या नळीचे मेण वितळवतो, आतली गुंडाळी काढून टाकतो, तिच्या जागी नवा कंडेन्सर सरकवतो आणि दोन्ही तोंडे पुन्हा मेणाने बंद करतो. वरचे छापील नाव, मूल्य, काळाने पडलेले डाग सारे जसेच्या तसे राहते.

ही निष्ठा म्हणावी की लबाडी?

थीसिअसच्या जहाजाचा दाखला येथे हटकून दिला जातो. पण तो फारसा उपयोगी पडत नाही. त्या जहाजाच्या फळ्या बदलल्या गेल्या हे कोणापासून लपलेले नव्हते. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी अधिक बोलका आहे, कारण तो नेमका उलटा आहे. कडुनिंबाच्या लाकडाची नवी मूर्ती घडते, रात्रीच्या अंधारात ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून तिच्यात स्थापिला जातो, आणि जुनी मूर्ती भूमीत पुरली जाते. १९९६ साली आणि त्यानंतर २०१५ साली हे घडले. तेथे देह नवा आणि गाभा जुना असतो, आणि भक्ताला ते ठाऊक असते. मेणाच्या नळीत देह जुना आणि गाभा नवा. ठाऊक मात्र एकट्या कारागिराला.

संच काचेच्या कपाटात ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ग्राहक या नावातच क्रिया आहे. ज्यातून काही ऐकूच येत नाही त्याला ग्राहक का म्हणावे? शिवाय हौशी रेडिओत एक जुना रिवाज आहे. संपर्क जुळला की दोघे आपापल्या संचाचे वर्णन एकमेकांना सांगतात. पलीकडच्याला संच दिसत नाही. त्याला फक्त शब्द मिळतो. ‘एचआरओवर ऐकतो आहे’ हे वाक्य खरे आहे काय? वेटोळी, तबकडी, लोखंडी पत्रा आणि मंडलाची योजना मूळचीच असतील, तर ते खरेच मानावे लागेल. आतले कंडेन्सर मूळचे आहेत असा दावा त्या वाक्यात नसतो. तो दावा मेणाच्या नळीवरचे छापील अक्षर करते, आणि तेही पुढे कधीतरी झाकण उघडणाऱ्यापुढे.

तो पुढचा माणूसच येथे खरा पक्षकार आहे. विकत घेणाऱ्याचे पैसे जातील, ही त्यातली लहान गोष्ट. आठ-नऊ दशकांचा कागद अजून धडधाकट आहे असे समजून त्याने दुसऱ्या एखाद्या संचाला तसाच वीजप्रवाह जोडला, तर? वीजदोरीबाबत मात्र हीच मंडळी सहसा संकोच करीत नाहीत. मूळची दोन तारांची दोरी काढून अर्थिंगची तिसरी तार असलेली दोरी उघडपणे जोडतात. तेथे जिवाशी गाठ असल्याने देखणेपणाचा आग्रह आपोआप गळून पडतो.

काही कारागीर नळी मेणाने बंद करून झाल्यावर कोणते कंडेन्सर, कोणत्या मूल्याचे, कोणत्या वर्षी बदलले ते एका कागदी पट्टीवर लिहितात आणि ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात.