तीच वाट, तोच डोंगर



आजचं चिंतन भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूतावर. यदुराजा विचारतो, एवढी समज तुला आली कुठून? अवधूत चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, मधमाशी... यातले बहुतेक गावाबाहेर पाऊल टाकणाऱ्या कुणालाही दिसणारे.

मला यात मधमाशी फार आवडते, कारण ती एकच धडा देऊन थांबत नाही. कुणावर भार न टाकता थोडं थोडं घ्यावं. आपला ‘माधुकरी’ हा शब्द तिथलाच. लहान-मोठ्या सगळ्या ग्रंथांतून सार घ्यावं, हा दुसरा धडा. आणि साठवू नये, नाहीतर साठ्यासकट आपणही जातो, हा तिसरा. माशी तीच, पण अवधूत पुन्हा पुन्हा बघत राहिला.

मी बऱ्याच रविवारी देहूहून भंडारा डोंगरावर चालत जातो. मित्र विचारतात, “तोच डोंगर किती वेळा रे?” तुकोबा चिंतनाला बसायचे ते याच भंडाऱ्यावर आणि जवळच्या भामचंद्रावर. गाथेतल्या सुमारे साडेचार हजार अभंगांत शेत आहे, बाजार आहे, माहेर आहे. सगळं रोजचंच! नवं सुचायला नवी जागा लागतेच असं नाही.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. आठवडाभर अडलेलं डिझाइन चढणीवर सुटतं, इथे लिहायचे मुद्देही तिथेच सुचतात. मग मी डोंगराला भेटायला जातो, की डोंगर वापरायला?

उत्तर पुन्हा माशीकडेच सापडतं. घेणं वाईट नाही, ओरबाडणं वाईट. म्हणून चढताना फोन बॅगेत. खाली उतरेपर्यंत जे लक्षात राहील तेवढंच आपलं, आणि तेही वाटून टाकायचं. काहीच सुचलं नाही तर? तरी फेरी फुकट नाही. विठोबाला भेटायला जाताना आपण डेडलाइन लावतो का? सुचलं तर प्रसाद. नाही सुचलं, तरी दर्शन झालंच.

आज एवढंच करून बघा. रोजच्या वाटेवरच्या एखाद्या झाडापाशी दोन मिनिटं थांबा, त्याच्याकडून काहीही न मागता.

राम कृष्ण हरी!